त्रेचाळिसावा सभासद

राजनंदिनीने एका हाताने मांडीवरचा लॅपटॉप सावरला आणि दुसऱ्या हाताने आजोबांचं मनगट धरून खाली ओढलं.

"डोळ्याला हात लावायचा न्हाय म्हणून सांगितलंय ना, आबा?"

"लावत न्हाय. पट्टी हाय का पडली ते बघत हुतो."

"हाय. ती कुठं जातीय?"

बारामतीच्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात एकेका डोळ्यावर पट्टी बांधलेली पंचवीस-तीस म्हातारी माणसं भिंतीकडेच्या बाकांवर ओळीने बसली होती. सगळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं काल झाली होती आणि आज पट्टी निघायची होती. आबांचा, म्हणजे दत्तोबांचा, नंबर एकोणिसावा होता आणि आत्ता कुठे सहावा आत गेला होता. एका माणसाला सात मिनिटं, म्हणजे अजून दीड तास, हा हिशेब आबांनी तीनदा करून झाला होता. आत जाताना कोण रेंगाळतं, कोण मध्येच घुसतं, यावरही त्यांच्या उघड्या डोळ्याची नजर होती. मध्ये घुसणाऱ्या एका गृहस्थाला त्यांनी जागेवरून हाक मारून मागे बसवलंही होतं.

ती सवय जुनी होती. निरवांगीच्या उपसा सिंचन संस्थेचे ते सव्वीस वर्षं सचिव होते. नीरा नदीतून मोटारीने उचललेलं पाणी बेचाळीस सभासदांना पाळीपाळीने द्यायचं, त्या पाळ्यांची यादी करायची आणि यादीवरून शिव्या खायच्या, हे त्यांचं काम. त्याला पगार नव्हता. शिव्या मात्र कधी चुकल्या नाहीत.

"तुझं काय चाललंय सकाळपासनं?" त्यांनी विचारलं. "खाली मान घालून बसलीयास. सकाळी आत्याच्या घरनं निघताना तिच्याशीबी धड बोलली न्हाईस."

"यादी करतीय, आबा."

यादी म्हटल्यावर आबा सावरून बसले.

राजनंदिनी पुण्यातल्या एका संस्थेत पीएच.डी. करत होती. पाचवं वर्ष होतं. युरोपातल्या एका प्रयोगशाळेत जमिनीखालच्या बोगद्यात अतिसूक्ष्म कणांचे दोन झोत समोरासमोर आणून एकमेकांवर आदळवतात, आणि त्यातून काय उडतं ते टिपायला भोवती डिटेक्टर बसवलेले असतात. त्या प्रयोगासाठी सहा देशांतल्या सहा गटांनी एकेक नवा डिटेक्टर बनवला होता. मोठ्या यंत्रात बसवण्याआधी ते सहाही डिटेक्टर एका लहान झोतासमोर आळीपाळीने ठेवून तपासायचे होते. त्यासाठी एप्रिलमधले अकरा दिवस मिळाले होते. त्यानंतर सगळंच काम दुरुस्तीसाठी तीन वर्षं बंद राहणार होतं. म्हणजे ज्याची तपासणी राहिली, तो राहिलाच.

कोणाचा डिटेक्टर कधी मांडायचा, केबली कधी जोडायच्या, कोणत्या आठ तासांना कोणी दोघांनी खुर्चीवर बसायचं, याचा आराखडा करायचं काम यंदा राजनंदिनीकडे आलं होतं. आलं म्हणजे दुसरं कोणी घेईना. पण तिने ते मन लावून केलं होतं. काम तडीस गेलं तर तिच्या गटाचा डिटेक्टर तपासून निघणार होता आणि तिचा प्रबंध पुरा होणार होता. पाच वर्षांचं सगळं त्या अकरा दिवसांत येऊन थांबलं होतं.

आणि आज सकाळी ते विस्कटलं. जॉर्जियातल्या दोघांच्याच गटाचा प्रमुख गिओर्गी, त्याची मेल आली की डिटेक्टरची पेटी कस्टममध्ये अडकली आहे, कदाचित एप्रिलमध्ये एक दिवस उशिरा पोचेल. त्यावर फिलिपची मेल आली. त्याचा गट सर्वांत मोठा, तीस जणांचा. मग गिओर्गीला यादीतून काढा आणि त्याचे तास आम्हाला द्या, असं त्याने सभ्य भाषेत लिहिलं होतं. शेवटी सगळ्या चाचणीची प्रमुख मार्टिना हिची मेल. साडेचारच्या बैठकीत नवा आराखडा दाखव. जमत नसेल तर आराखडा करायचं काम फिलिपच्या गटाकडे देऊ.

फिलिपकडे गेलं की काय होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. गिओर्गीनंतर पुण्याचा नंबर.

राजनंदिनीने आबांना हे सगळं सांगितलं, त्यांना कळेल असं सोपं करून. आबांनी मधे एकदाही "म्हंजी काय" विचारलं नाही. सचिवपणात ही माणसं त्यांनी सगळी पाहिली होती, फक्त नावं वेगळी होती.

"किती तास हायेत?"

"अकरा दिवस, चोवीस तास. दोनशे चौसष्ट. सहा गट, एकेकाला चव्वेचाळीस. बरोबर बसतंय आबा, एक तास वाया जात न्हाय."

हे सांगताना तिच्या आवाजात थोडा तोरा आला होता. आबांनी बोटांवर हिशेब पडताळून बघितला.

"मारुतीला किती धरलंयस?"

"कुणाला?"

"मारुतीला."

राजनंदिनी हसली. "आबा, तिकडं मारुती न्हाय."

"मग लाईट गेल्यावर काय करणार हायेस?"

झोत मध्येच बंद पडतो, पंप बिघडतो, केबल सुटते, हे काय तिला माहीत नव्हतं? पण मार्टिनाने आधीच बजावलं होतं की यादीत एकही तास रिकामा दिसता कामा नये. रिकामा दिसला की शेजारचा प्रयोग तो उचलून नेतो. राखीव म्हणून प्रत्येकाने दीड-दीड तास द्यावा, असं तिने सकाळी दहा वाजता लिहून पाहिलं होतं. फिलिपचं "नाही" एका मिनिटात आलं. मग बाकीचे बोललेच नाहीत.

"एकोणीस नंबर!" दीड तासाने आतून हाक आली आणि आबा तिच्या आधी उठले.

*

परतीच्या वाटेवर गाडी इंद्रजित चालवत होता. हा राजनंदिनीचा धाकटा भाऊ, लोणी देवकरच्या एका कारखान्यात कामाला. आज त्याची सेकंड शिफ्ट होती, त्यामुळे तो घाईत होता. आबांना मात्र कसलीच घाई नव्हती. पट्टी निघाल्यापासून ते दिसेल ती पाटी मोठ्याने वाचत होते.

"लासुर्णे. ही पाटी नवी रंगवली काय?"

"आबा, पाच वर्सं झाली तिला," इंद्रजित म्हणाला.

पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर चालला होता. त्याच्यामागून गाडी हळूहळू जात असताना राजनंदिनी मागच्या सीटवरून पुढे वाकली.

"आबा, मारुतीचं काय ते सांगा."

आबांनी काळ्या चष्म्याआडून रस्त्याकडे बघत सांगितलं. पाळी चौदा दिवसांची असे. रोज बारा तास लाईट. कोणाच्या पाळीत लाईट गेली की त्याचे तास बुडत, आणि मग पुढच्याच्या पाळीत तो घुसे. त्यावरून एकदा कुऱ्हाडी निघाल्या होत्या. संस्थेने दोन तास राखीव ठेवायचं ठरवलं, तर राखीव तासावर पहिल्याच दिवशी चौघांनी हक्क सांगितला. रिकामा तास म्हणजे सगळ्यांचाच तास झाला.

"मग म्या मारुतीला सभासद केला," आबा म्हणाले. "त्रेचाळीस नंबर. देवळामागं अर्धा गुंठा जागा हाय, म्हटलं तितं देवाची बाग. दोन तास त्याच्या नावावर."

"बाग कुठं हाय तितं? रुईची दोन झाडं हायेत," इंद्रजित म्हणाला.

"व्हय. रुईला पाणी लागत न्हाय." आबा जरासे हसले. "समद्यास्नी ठावं हुतं. पन मारुतीचं पानी मला द्या म्हणायची कुणाची टाप न्हवती. कुणाच्या पाळीत मोटार जळली, कुणाच्या घरी मयत झाली, साखरबाईच्या मालकाला ऐन उसाच्या पाण्यात सर्प चावला, अशा वक्ताला मी जाऊन सांगायचो, आज मारुतीचं पानी तुमाला. मागायचं कुणी न्हाय. मीच सांगायचं. नवा सचिव आला तरी ती यादी तशीच चालू हाय."

राजनंदिनीला ते इतकं आवडलं की बैठकीची धास्ती थोडा वेळ तिच्या मनातून गेलीच. ती मागे टेकली. मग सवयीने तिने मनातल्या मनात बेरीज केली. चौदा दिवस, बारा तास, एकशे अडुसष्ट. बेचाळीस सभासद, एकेकाला चार तास, एकशे अडुसष्ट. तिने पुन्हा केली. तेवढीच आली.

"आबा, सभासदाला किती तास असायचे?"

"चार. आजबी चारच."

"मग मारुतीचे दोन कुठनं आले?"

आबांनी खिडकीची काच खाली केली आणि बाहेर आलेल्या गावाची पाटी वाचली.

"जंक्शन."

*

इंद्रजित दोघांना दारात सोडून तसाच कामाला गेला. आई-वडील वरच्या रानात होते, तिथे ऊसतोड चालू होती. आजी, म्हणजे द्वारकाबाई, ओसरीवर वाटच बघत होत्या. दवाखान्याने दिलेला कागद त्यांनी राजनंदिनीकडून दोनदा वाचून घेतला. थेंब दर दोन तासांनी. मधे विसरायचं नाही. खाली वाकायचं नाही. लगेच त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून वेळा ठरवल्या: तीन, पाच, सात, नऊ.

"आन् रानात जायचं न्हाय," त्यांनी कागदात नसलेलं एक कलम घातलं.

"रानात काय हाय बघायला," आबा म्हणाले.

"व्हय. माझ्या रानात काय हाय बघायला!"

हा टोमणा घरात सगळ्यांच्या पाठ होता. घरामागचा उतार संपतो तिथे एक एकराचं खालचं रान होतं. संस्थेच्या पाइपलाइनच्या अगदी शेवटाला, दत्तोबांच्या नावावर. तिथे द्वारकाबाईंनी लग्नानंतर बारा वर्षांनी माहेराहून रोपं आणून चाळीस कागदी लिंबं लावली होती. त्यांच्या भावाने तशाच बागेवर घर बांधलं. ह्यांच्या चाळीसपैकी तीन जगली. पाणी चार तास म्हणायचं आणि दोन तासांत बंद व्हायचं. शेवटाला पाणी पोचेपर्यंतच दोन तास जातात, असं आबांनी सांगितलं होतं. साऱ्या गावाला पाणी वाटणाऱ्या माणसाला आपल्या बायकोच्या लिंबांना पाणी आणता येत नाही, याचा राग द्वारकाबाईंनी मनात ठेवला नव्हता. तो त्या रोज बोलून दाखवायच्या.

राजनंदिनी ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसली. समोर खालचं रान होतं आणि त्यात तीन लिंबं. द्वारकाबाई स्वयंपाकघरात गेल्यावर ती हळूच म्हणाली,

"आपल्या चारातले दोन मारुतीला दिले तुमी."

"कोण म्हणतंय?"

"बेरीज म्हणतीय."

आबांनी आत एकदा बघितलं. "हळू बोल."

"आजीला सांगितलं न्हाय?"

"कुणालाच न्हाय. आपलं रान शेवटाला, पुढं बघणारं कोण न्हाय. पाइपाचा वाल दोन तासांनी बंद केला तरी कुणाला कळतंय?"

"का पण? सांगायचं की."

"सांगितलं की उपकार हुतो. मग साखरबाई वाटेत भेटली तर मान खाली घालून जाणार. मारुतीनं दिलं तर मान वर." आबांनी पुन्हा आत बघितलं. "तू बोलू नगंस. म्हातारी मला घरात ठेवायची न्हाय."

सरळ सांगायचं तर राजनंदिनीला आबांचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी रागही आला. आजीचा रोजचा टोमणा तिला आठवला. आणि मग आपले चव्वेचाळीस तास आठवले.

त्यांतले पहिले छत्तीस मांडणीला आणि नेहमीच्या तपासण्यांना लागणार होते. शेवटचे आठ तिचे होते. डिटेक्टर झोताला तिरपा करून घ्यायच्या नोंदी, ज्या आधी कोणी घेतल्या नव्हत्या. तिच्या प्रबंधाचं पाचवं प्रकरण त्या आठ तासांवर उभं राहायचं होतं. ते गेले तर प्रबंध होईल, पण त्यात तिचं म्हणावं असं फार काही उरणार नाही. गेली दोन वर्षं ती त्या आठ तासांसाठी जगत होती म्हटलं तरी चालेल.

तिने पुण्याच्या आपल्या मार्गदर्शक बाईंना फोन केला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"पहिल्या छत्तिसाला हात लावता येणार नाही, त्यात सगळ्या गटाचं काम आहे," त्या म्हणाल्या. "ते आठ तुझे आहेत. ठेवलेस तरी तुला कोणी नावं ठेवणार नाही."

तीन वाजता द्वारकाबाईंनी आबांच्या डोळ्यात थेंब घातला. राजनंदिनी यादीच्या कोऱ्या सातव्या ओळीकडे बघत होती. चार वाजता तिने आपल्या गटापुढचा चव्वेचाळीस आकडा पुसला आणि छत्तीस लिहिला. सातव्या ओळीत नाव लिहिलं: मारुती. पुढे आठ. त्या आठ तासांची जागा तिने अगदी शेवटच्या दिवशी ठेवली, म्हणजे कोणाचंही बुडालेलं काम तिथे सरकवता येईल. गिओर्गीची पेटी एक दिवस उशिरा आली तर त्याची जागा पुण्याने घ्यायची आणि पुण्याची त्याने, असंही तिने मांडलं.

*

साडेचारला बैठक सुरू झाली. आबा तिच्या शेजारी, पण कॅमेऱ्यात दिसणार नाही असे, खुर्चीवर ताठ बसले होते. टोपी बदलून आले होते. बोलणं इंग्रजीत चाललं होतं. आबा पडद्यावरची तोंडं बघत होते.

"हा मोठ्या कपाळाचा फिलिप व्हय?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

ती मान हलवून हो म्हणाली.

"वाटलंच."

राजनंदिनीने नवी यादी सगळ्यांपुढे उघडली. ही यादी सहाही गटांना एकाच वेळी दिसायची आणि लिहिताही यायची. जो जिथे बोट ठेवेल तिथे त्याच्या रंगाची एक खूण उमटायची. तिने आबांसारखंच करायचं ठरवलं होतं. मारुती म्हणजे राखीव तास, एवढंच सांगायचं आणि पुढे जायचं.

पण त्या लोकांना बेरीज करायची खोड होती. बेचाळीस सभासदांनी सव्वीस वर्षांत जी केली नाही ती गिओर्गीने अर्ध्या मिनिटात केली.

"राजनंदिनी," तो म्हणाला, "तुमच्या पुढे छत्तीस का आहेत?"

तिने आबांकडे बघितलं.

"आणि हा मारुती कोणत्या संस्थेचा?" मार्टिनाने विचारलं.

आता सांगण्यावाचून मार्ग नव्हता. तिने सांगितलं. आमच्या गावात पाण्याची पाळी असते, यादीत एक सभासद असा असतो की ज्याला पाणी लागत नाही, त्याचे तास ज्याचं बुडालं त्याला मिळतात. त्याला द्यायचे तास कुठून तरी आणावे लागतात, म्हणून ते पुण्याच्या वाट्यातून घेतले आहेत. तास रिकामे नाहीत, नावावर आहेत, तेव्हा शेजारचा प्रयोग ते नेणार नाही. त्या आठ तासांत ती काय करणार होती, ते तिने सांगितलं नाही. पण ते तिथल्या बहुतेकांना माहीत होतं. तिने त्यावर दोनदा व्याख्यान दिलं होतं.

राजनंदिनीला वाटलं, झालं, आता फिलिप बोलणार.

"हे निळं काय हाललं?" आबांनी विचारलं.

गिओर्गीची निळी खूण त्याच्या ओळीत आली होती. चव्वेचाळीसचे त्रेचाळीस झाले. मग ती खूण खाली उतरली आणि मारुतीपुढचे आठ नऊ झाले.

"आम्ही दोघंच आहोत," तो म्हणाला. "जास्त देता येत नाही."

मग हिरवी खूण हलली. फिनलंडवाल्यांनी दोन दिले. नारिंगी खूण ब्राझीलच्या गटाची, त्यांनीही दोन. जपानचा गट बैठकीत कधीच बोलत नसे. आजही तो बोलला नाही, फक्त त्याचे चव्वेचाळीस त्रेचाळीस झाले. मारुतीपुढे आता चौदा होते. राजनंदिनीने ओठ घट्ट मिटून घेतले होते, कारण ते उघडले असते तर तिला रडू आलं असतं.

लाल खूण फिलिपच्या चव्वेचाळीसवर जाऊन उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली. आणि तशीच निघून गेली.

"लाल न्हाय देत," आबा म्हणाले. "असतंय एखादं."

"या मारुतीला आठ पुरतात ना?" मार्टिनाने विचारलं. "मग वरचे सहा तू परत घे. आराखडा मला मान्य आहे. तोच कायम."

राजनंदिनीने मारुतीच्या चौदाचे आठ आणि आपल्या छत्तीसचे बेचाळीस केले. आठ तासांऐवजी सहा. तिरप्या नोंदी दाटीवाटीने घ्याव्या लागतील, पाचवं प्रकरण जरा बारीक होईल. पण होईल. लॅपटॉप मिटल्यावर ती आबांच्या गळ्यात पडणार होती. मग डोळ्याचं आठवलं, म्हणून तिने त्यांचा हातच दोन्ही हातांत धरून गदागदा हलवला.

"जमलं, आबा! तुमच्या मारुतीनं जमवलं."

"त्यांस्नी कसं कळलं, तुझ्यातलं दिलंस म्हणून?"

"विचारलं त्यांनी. मी सांगितलं."

"आन् मग त्यांनी दिलं?"

"व्हय."

"तू मागितलं न्हवतंस?"

"न्हाय."

आबा हसतील असं तिला वाटलं होतं. ते हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून नव्या डोळ्याने खालच्या रानाकडे बघितलं. ऊन उतरलं होतं आणि तीन लिंबांच्या सावल्या मोकळ्या रानात लांब पडल्या होत्या. ते कितीतरी वेळ तिकडे बघत राहिले.

पाच वाजता द्वारकाबाई थेंबांची बाटली घेऊन बाहेर आल्या.

"चष्मा का काढलाय? वर बघा."

"द्वारके, थेंब मागनं घाल. बस जरा."

"पाच वाजले."

"बस म्हणतोय ना."

त्या बसल्या नाहीत, पण थांबल्या. आबांनी घसा साफ केला. गावच्या सभेत ज्या माणसाचा आवाज कधी चाचरला नव्हता, तो आता चाचरला.

"संस्थेचे बेचाळीस सभासद. चौदा दिवस, रोज बारा तास. एकेकाला चार. किती झालं?"

द्वारकाबाई चौथी शिकल्या होत्या, पण इंदापूरच्या बाजारात तीस वर्षं त्यांनी भाजी विकली होती. "एकशे अडुसष्ट."

"शिल्लक?"

"शिल्लक कुठली?"

"मग मारुतीला दोन तास कुठनं दिले आसतील?"

द्वारकाबाईंच्या हातातली बाटली तशीच राहिली. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, मग नातीकडे, आणि मग खालच्या रानाकडे. आजी आता काय म्हणेल याची राजनंदिनीला बैठकीपेक्षा जास्त भीती वाटत होती.

त्या पायरीवर बसल्या. बोलल्या तेव्हा आवाजात टोमणा नव्हता.

"आधी सांगायचं की हो. मी लिंबं कशाला लावली आसती? बोरी लावल्या आसत्या. बोरीला कुठं पानी लागतंय?"

द्वारकाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि त्यांनी बाटलीचं टोपण काढलं.

"वर बघा आता."